कांद्यावर घातलेला तंबू

ऑफिसला जाताना मी रोज शिमला ऑफिसच्या चौकातून जातो. वेधशाळेचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं आणि येताना हे नावही घेऊन आलं. तर वेधशाळेच्या भिंतीवरून रोज जाणारा माणूस तिचा इशारा वाचूनही तंबू घेऊन घराबाहेर पडला, तर त्यात चूक वेधशाळेची नाही, हे आधीच लिहून टाकतो. बुधवारी रात्री पुणे आणि नगर, दोन्ही जिल्ह्यांवर पिवळा रंग होता. मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारा.

"पिवळा म्हणजे नुसतं लक्ष ठेवा," मेहुणा म्हणाला. "नारिंगी असता तर तयारीत राहायचं. लाल असता तर गेलोच नसतो."

तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं.

आम्ही चौघं: मी, बायको, आमची नऊ वर्षांची लेक आणि हा मेहुणा, म्हणजे तिचा मामा. लेकीची परीक्षा संपलेली, रविवारी रामनवमी. गुरुवारी नाणेघाट, मग दोन रात्री भंडारदरा, असा बेत. तंबू मामाचा, चार माणसांचा, नारिंगी. या तंबूची सोवळी कडक. आत चप्पल नाही, आत खाणं नाही, ओल्या पायाने तर दाराशीसुद्धा उभं राहायचं नाही. मागच्या वर्षी एका भाच्याने आत चकली खाल्ली होती, तो विषय अजून घरात निघतो.

गुरुवार : पुणे – जुन्नर – नाणेघाट

पहाटे साडेपाचला कोथरूड सोडलं. नाशिक फाटा ते चाकण हा टप्पा सातच्या आत पार केला नाही, तर पुढचं प्रवासवर्णन चाकणमध्येच लिहावं लागतं. आम्ही केला. पुढे खेड, मंचर, नारायणगाव सगळ्यांना बाह्यवळण झालंय, पण मिसळीसाठी नारायणगावात मुद्दाम आत शिरलो.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फडमालकाशी बोलतात, तारीख ठरवतात, सुपारी देतात. मिसळीच्या टेबलावर आमच्यासमोर असेच दोघं बसले होते. पांढरी टोपी, खिशात डायरी. टपावरचं सामान बघून एकाने विचारलं, "कुठं मुक्काम?"

"नाणेघाट. तंबूत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काल आमच्याकडं गारा पडल्या," दुसरा म्हणाला. "आमी तमाशा ठरवायला आलोय, पण यात्रंत पाऊस कवा नाचल, ते कोण ठरवणार?" आणि पाव मागवला.

लेकीला खोडदची रेडिओ दुर्बीण बघायची होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत तिथे. वाट वाकडी करायला वेळ नव्हता. "ढग आले तर त्यांनापण दिसत नाही का?" तिने विचारलं. त्यांना दिसतं, रेडिओलहरी ढगातून आरपार येतात. "मग आपण तीच का नाही आणली?" पुढच्या तीन दिवसांत हा प्रश्न मला बऱ्याचदा आठवला.

जुन्नरला दुपारी मासवडी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: नावात मासा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी. बेसन चांगलं घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर सुकं खोबरं, तीळ, खसखस, लसूण, भाजलेला कांदा यांचं सारण पसरतात आणि फडक्यानेच वळकटी करतात. कापल्यावर तुकडे माशाच्या तुकड्यांसारखे दिसतात. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. ताटात चार तुकडे आले, पहिले दोन नुसते खाल्ले. रस्सा तिखटजाळ होता, मेहुण्याच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले आणि त्याच्या तोंडून बराच वेळ काहीही तांत्रिक निघालं नाही.

जुन्नर सोडताना पेट्रोल आणि रोख पैसे दोन्ही घेऊन ठेवा. पुढे आपटाळे, चावंड, घाटघर करत रस्ता सह्याद्रीच्या ऐन धारेवर जातो आणि मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. रस्त्याच्या कडेने कुसुंबाची नवी पालवी, दुरून बघितलं तर झाडाला लाल फुलंच आलीत असं वाटावं. पळस संपत आलेला. करवंदीवर हिरव्या गोळ्या धरलेल्या.

नाणेघाटात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. नळीतून, म्हणजे अरुंद घळीतून, दहाएक मिनिटं खाली उतरलं की लेणं लागतं. कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नर, पैठणला जाणारा माल याच वाटेने चढायचा. आत डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांची आणि दक्षिणेची यादी: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी. त्यात आकडे आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांमध्ये ते मोजले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं उरलीत आणि खाली पावलांच्या खुणा. लेक तिथे बराच वेळ उभी होती. "यांचे पाय तेवढे राहिले," म्हणाली आणि स्वतःचे बूट बघू लागली.

बाहेर आलो तेव्हा कोकणाच्या बाजूला नुसती पांढुरकी धूळ, जीवधन किल्ला आणि वानरलिंगीचा सुळका धूसर, वारा पूर्ण पडलेला. मला हे शांत वाटलं. घाटघरच्या एका मावशींच्या झापाशेजारी, म्हणजे गवताने शाकारलेल्या घराशेजारी, तंबू लावायचं ठरलं होतं, त्यांनी मात्र वर न बघताच सांगितलं, "आज उकडतंय लय. रात्रीचं येईल." मेहुण्याने तंबू पठारावर, कड्याकडे तोंड करून लावायचा आग्रह धरला होता. मावशींनी तो हाणून पाडला: "तितं वारा माणूस ऱ्हाऊ देत नाय, तंबूचं काय घेऊन बसलाय." शेवटी झापाच्या आडोशाला लावला. हा त्या दिवसातला एकमेव शहाणा निर्णय, आणि तो आमचा नव्हता.

जेवण झाल्यावर पूर्वेकडे, चावंडच्या अंगाला, वीज चमकली. आवाज नाही. मग पुन्हा. दामिनी नावाचं वीज पडण्याची सूचना देणारं अ‍ॅप आहे, आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेलं. रेंजची एक काडी आली तेव्हा त्यावर आमच्याभोवतीचं वर्तुळ भरलेलं दिसलं. लेक आणि मी मोजू लागलो: वीज दिसली की एक, दोन, तीन... आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. पहिल्यांदा ४० आले. मग ३१. मग २२. तीसच्या आत आलं की उघड्यावर थांबायचं नाही, असा साधा नियम आहे. आम्ही तंबूतून गाडीकडे पळालो तेव्हा १४ झाले होते.

आम्ही दारं लावली आणि वारा आला. पाऊस नंतर, आधी नुसता वारा आणि त्याच्याबरोबर झापावरचं गवत, पानं, एक प्लॅस्टिकची बादली. तंबू एकदा श्वास घेतल्यासारखा फुगला, मग आडवा झाला, मग एक कोरडा कडकन आवाज. कांडी मोडली. मेहुणा दार उघडायला गेला, बायकोने त्याचा शर्ट मागून धरून ठेवला.

"मामा, गाडीवर वीज पडली तर टायर रबराचे आहेत म्हणून आपण वाचतो ना?" लेकीचा प्रश्न.

टायरमुळे नाही, पत्र्यामुळे. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. फक्त आतल्या धातूला हात लावायचा नाही आणि काचा बंद. मेहुण्याने हे सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं, नजर मात्र तंबूवरून हलली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं. आमचा शेवटचा गडगडाट पहाटे तीनला झाला. बारा वर्षांच्या जुन्या गाडीत चार माणसं झोपू शकतात का? झोपू शकतात. उठू शकत नाहीत.

शुक्रवार : घाटघर – जुन्नर – ओतूर, आणि पुढे जायचं होतं

सकाळी सगळं धुतलेलं. कोकण तळापर्यंत स्पष्ट, काल दिसत नव्हती ती माळशेजकडची रांगही. अंजनीच्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, त्यांना थेंब लटकलेले. फोटो काढत होतो तेवढ्यात मावशींच्या अंगणाकडे लक्ष गेलं आणि कॅमेरा खाली घेतला.

अंगणभर हिरडा वाळत घातला होता. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ. ते वेचून वाळवतात, सुकून काळं-कडक झालं की व्यापारी औषधांसाठी नेतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांना उन्हाळ्यात रोख पैसा मिळतो तो मुख्यतः यातून. दोन दिवसांत वाळून आलेला हिरडा रात्रीत भिजला होता. मावशींचे सासरे, त्यांना आम्ही बाबा म्हणत होतो, एकेक मूठ उचलून फडक्यावर पसरत होते.

"बुरशी धरली का काळ्याचा पांढरा होतो, मग कोण घेतंय," ते म्हणाले. रात्रीच्या वाऱ्याने झाडावरचाही खाली आला होता, शाळेत जायच्या आधी पोरं पिशव्या घेऊन तो वेचायला गेली होती. २०२० सालच्या निसर्ग वादळात त्यांची मोठी झाडंच पडली. "झाड लावायला आमच्या बापाचा बाप होता," एवढंच बोलले आणि पुन्हा मुठी पसरू लागले. लेक त्यांच्याशेजारी बसून तासभर हिरडा उलटत होती. आम्ही चहाचे पैसे दिले, मुक्कामाचे मावशी घेईनात. "झोपला कुटं तुमी हितं?"

इथे थोडं सामानाबद्दल. तंबूच्या बुडाखालचा कागद तंबूपेक्षा चार बोटं आत दुमडलेला हवा. बाहेर राहिला तर पावसाचं पाणी तोच गोळा करून आत आणतो, आमच्या गाद्यांची तशीच भजी झाली. दोऱ्या बांधायचा कंटाळा करू नये, वारा नसतानाच बांधाव्यात. कोरड्या कपड्यांचा एक जोड खताच्या गोणीतल्यासारख्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून गाडीतच ठेवावा. आणि एक मोठी ताडपत्री हवीच. आमच्याकडे नव्हती, म्हणून जुन्नरच्या बाजारपेठेत थांबून १५ बाय १८ फुटांची निळी ताडपत्री घेतली. दुकानदाराने विचारलं, "कांद्याला का?" मेहुण्याला राग आला. "तंबूला," तो म्हणाला.

ओतूरहून ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागलो. दुपारचे साडेतीन. या भागात चैत्र म्हणजे उन्हाळी कांद्याची काढणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा, उपटून सरीत पसरलेला, प्रत्येक ओळीची पात मागच्या ओळीतल्या कांद्यावर, म्हणजे ऊन थेट लागू नये. बायका उकिडव्या बसून विळ्याने पात कापत होत्या. अंगठाभर मान ठेवून कापायची. फार वर कापली तर पात कुजते, फार खाली कापली तर कांदा उघडा पडतो. कापलेला कांदा शेतातच ढीग लावून ठेवतात, त्याला इकडे अरण म्हणतात. मग सुकला की बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर चाळीत.

चारला दिवस मावळल्यासारखं झालं. गार वाऱ्याचा एक झोत आला, मातीचा वास घेऊन, आणि बॉनेटवर कोणी मूठभर हरभरे फेकल्यासारखा आवाज. मग बोरं. मग सुपाऱ्या. गारा. मी गाडी एका वस्तीच्या वळणावर कडेला घेतली. काचेतून दिसलं ते असं: शेतात दोन मोठ्या अरणी. एकीवर ताडपत्री टाकून झालेली. दुसरीवर एक माणूस, त्याची बायको आणि म्हातारी आई एक फाटकी ताडपत्री ओढतायत, वारा ती त्यांच्या हातातून घेतोय आणि ती चिरत चाललीय.

कोण आधी उतरलं ते आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की डिकीतून निळी ताडपत्री मी ओढली, घडीसुद्धा मोडली नव्हती, आणि आम्ही शेतात पळालो. गारा डोक्यावर लागतात तेव्हा दुखतं, हे वाचून कळत नाही. बायकोने ओढणीची घडी डोक्यावर ठेवली होती. चौघांनी चार कोपरे धरले, वाऱ्याच्या बाजूने आधी खाली दाबायचं हे त्या दादांनी ओरडून सांगितलं, आम्ही नेमकं उलटं करत होतो. आजी दगड आणून कडेवर ठेवत होत्या, सत्तरीच्या बाई, एकेक दगड पाच-सहा किलोचा.

ताडपत्री पुरेना. एका टोकाला आठ-दहा फूट अरण उघडी राहिली. लालसर कांद्यावर पांढऱ्या गारा टपटप उडत होत्या.

मेहुणा गाडीकडे धावला. परत आला तेव्हा हातात नारिंगी गुंडाळी होती, तंबूचं वरचं आवरण. ज्याच्या दाराशी ओल्या पायाने उभं राहायचं नाही ते. त्याने ते झटकून उघडलं आणि चिखलाच्या पायांनी अरणीवर चढून कांद्यावर घातलं. तंबूच्या खुंट्या ठोकल्या, त्याही पुरल्या नाहीत, मग तो स्वतःच एका कोपऱ्यावर आडवा पडला. वीस मिनिटं. आजी म्हणाल्या, "आरं लेकरा, ऊठ, दगड आणलाय." तो उठेना.

गारा थांबल्या तशा एकदम थांबल्या. सगळं रान पांढरं, गार वाफ उठलेली आणि चिरडलेल्या पातीचा वास, इतका उग्र की डोळ्यांत पाणी यावं. लेक गाडीतून उतरली आणि स्टीलच्या पेल्यात गारा भरू लागली. गाडीच्या टपावर सात पोचे. मोजले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

दादा सरीतला कांदा उचलून बघत होते. दोन्ही अरणी वाचल्या होत्या, पण न कापलेला, पसरलेला कांदा सगळा भिजला. त्यांनी एका कांद्याची मान दोन बोटांत दाबली. "हितनं पाणी शिरतं. वरनं चांगला दिसंल, बराखीत दोन महिन्यांनी आतनं सडंल. शेजारचे चार घेऊन जाईल." मग आमच्याकडे वळून, अगदी सहज: "चला, च्या घ्या. आन् आता कुठं जाताय?"

भंडारदरा म्हणालो. आजींनीच निकाल दिला. "घाटात दगड आलं असतील. ऱ्हावा हितंच."

मेहुण्याने अंगणात तंबू लावायची भाषा काढली, सवयीने. वहिनींनी नुसतं उसाकडे बोट केलं. "बिबट्या हाय." जुन्नर तालुक्यात हे वाक्य पत्ता सांगितल्यासारखं सांगतात. गेल्या महिन्यात त्यांचं कुत्रं गेलं होतं. रात्रपाळीची लाईट असली की दादा पाणी द्यायला जाताना मोबाइलवर मोठ्याने भजन लावतात. त्या रात्री लाईटच नव्हती. ओसरीत चुलीच्या उजेडात पिठलं, भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांदा बेचव लागला असता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. तो फार चांगला होता.

जेवल्यावर दादांनी मोडकी कांडी मागितली. बांबूची वीतभर कांबीट तासली, ती मोडक्या जागेवर आधारासारखी ठेवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. ताणून, सोडून, पुन्हा ताणून, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर. मेहुणा कंदील धरून बसला होता. "कंपनीची नवी कांडी येईपर्यंत चालेल ना?" त्याने विचारलं. "कंपनी ऱ्हाईल का बघा तोवर," दादा म्हणाले.

शनिवार : ब्राह्मणवाडा – कोतूळ – राजूर – रतनवाडी

सकाळी नारिंगी आवरण काढलं. निळी ताडपत्री काढायला गेलो तर मेहुणा म्हणाला, "राहू दे. संध्याकाळी परत येईल पाऊस." दादा पैसे काढू लागले, आम्ही घेतले नाहीत. मग त्यांनी गप्पपणे अर्धी गोणी कांदा डिकीत ठेवला. यावर वाद घालायची सोय नव्हती.

ब्राह्मणवाडा, कोतूळला मुळा ओलांडून राजूर. हा रस्ता नाशिक महामार्गापेक्षा वेळखाऊ, पण मी पुन्हा याच रस्त्याने जाईन. दोन ठिकाणी रस्त्यावर झाड आडवं होतं, एक गावकऱ्यांनी आधीच तोडून बाजूला केलेलं, दुसऱ्यापाशी एसटी आणि आम्ही मिळून अर्धा तास. राजूरला पेढे घ्यावेत, भट्टीवरचे, लालसर असतील ते. आम्ही पाव किलो घेतले आणि शेंडीला पोहोचेपर्यंत कागद उरला.

भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्याकाठी आगाऊ पैसे भरून जागा घेतली होती. तिथे रात्रीच्या वाऱ्याने तीसेक तंबू एकावर एक जाऊन पडले होते, पत्त्याच्या डावासारखे. व्यवस्थापक म्हणाले, निसर्गाच्या प्रकोपाला परतावा नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. एवढंच सांगतो की या दिवसांत कुठेही पूर्ण पैसे आधी भरू नका आणि तंबू पाण्याच्या अगदी काठाला घेऊ नका. फोटो छान येतो, पण वाऱ्याला मधे काही आडवं नसतं.

विल्सन धरण मात्र बघाच. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ला पुरं झालेलं दगडी बांधकाम, प्रवरेवरचं. मागे कळसूबाई, १६४६ मीटर, माथ्यावर ढगाची टोपी. आम्ही पाण्याच्या कडेकडेने मुतखेलवरून रतनवाडीला गेलो. मोहाचा सडा पडलेला, पावसाने त्याचा गोड-आंबूस वास रस्ताभर. साम्रदची सांदण दरी लेकीला दाखवायची होती. गावातल्या वाटाड्या पोराने सरळ नाही म्हटलं. "इथं ऊन असलं तरी वरच्या अंगाला पडला की दरीत लोंढा येतो. भिंती दोन्हीकडनं, पळणार कुठं?" त्याचे आमच्याकडून मिळायचे पैसे त्याने स्वतःहून सोडले. पावसाची शंका असेल तेव्हा सांदणला जाऊ नका, आणि न्यायला तयार होणारा भेटला तर त्याच्याबरोबर तर मुळीच जाऊ नका.

त्याऐवजी अमृतेश्वराच्या देवळात बसलो. काळ्या दगडावरची नक्षी भिजून अजून काळी झालेली, घड्या न घड्या दिसत होती. पुजारी सांगत होते, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. "देव चार महिने पाण्यात असतो, तुम्ही दोन दिवस भिजलात," असं काही ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.

संध्याकाळी आभाळ फुटलं आणि मोकळं झालं. एका घराच्या अंगणात, घरधन्याला विचारून, दोरी-खुंटी सगळं नीट करून तंबू लावला. ट्यूबची पट्टी गुंडाळलेली कांडी थोडी पोक काढून उभी राहिली. सगळे आत शिरलो आणि सगळ्यांना एकदमच कळलं: आत कांद्याचा वास. आवरणाला चिकटलेली पात, फोलपटं. बायको हसायला लागली ती थांबेना. मेहुणा चप्पल घालूनच आत बसला होता.

पहाटे चारला गजर लावला होता. चंद्र मावळलेला, धुतलेलं आभाळ, रतनगडाचा नुसता काळा आकार. त्याच्या दक्षिणेला वृश्चिक, अख्खा, नांगी वळवलेला, आणि शेपटीजवळून वर चढत गेलेला आकाशगंगेचा पट्टा. लेक पांघरुणासकट बाहेर आली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिने विचारलं, "दादांच्या कांद्यावरपण आत्ता असंच दिसत असेल?" ताडपत्रीखाली असतील कांदे, मी म्हणालो.

रविवार : परत

राजूर, अकोले, संगमनेर, आळेफाटा. महामार्गाला लागल्यावर लिहिण्यासारखं काही घडत नाही. बाराच्या ठोक्याला वाटेतल्या एका गावात रामजन्माचा पाळणा हलत होता, मंडप अर्धा उडालेला, उरलेल्या अर्ध्यात सगळं गाव उभं. गाडी थांबवून आम्हीही उभे राहिलो. सुंठवडा मिळाला, तिखट-गोड, द्रोणात. तीनला कोथरूड.

तंबू ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते, म्हणून आधी तो बाल्कनीत वाळत घातला. साबणाच्या पाण्याने पुसला, उन्हात ठेवला, उलटा केला. वास जात नाही. शेजारच्या काकूंनी दोन दिवसांनी बेल वाजवून विचारलं, "कांदे घाऊक आणलेत का? किलोभर द्याल?" दिले.

आठव्या दिवशी दादांचा फोन आला. पसरलेल्यातला निम्मा निवडून काढला, तो लगेच मार्केटला नेला, भाव मिळेल तो घेतला. अरणीतला बराखीत गेला. निळी ताडपत्री घडी करून ठेवलीय, येणं झालं की न्या. मग म्हणाले, "तुमचा गोणीतच हाय का अजून? गोणीत ठिवू नका. हवेशीर पसरा, एकाला एक लागू देऊ नका."

मी गोणी बाल्कनीत ओतली आणि लेकीला बोलावलं. तिने प्रत्येक कांद्याची मान दोन बोटांत दाबून बघितली, दादांनी बघितली होती तशी. दोन मऊ निघाले.